राहीबाईंनी काढलेला साचा

सांगलीजवळ माधवनगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहीबाई कुंभारांचं घर आहे. नागपंचमी झाली की आम्ही बायका आपापला पाट त्यांच्याकडे नेऊन ठेवतो, मागच्या बाजूला खडूनं नाव लिहून. चतुर्थीला त्याच पाटावर बसून गणपती घरी येतो. गेल्या वर्षी पाट गेला तो पोलीस ठाण्यात.

राहीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचे सासरे बेंदराच्या सणाचे मातीचे बैल आणि गणपती करायचे. सासरे गेले, मग नवराही गेला. धंदा राहिला तो राहीबाई आणि त्यांची सून रेश्मा या दोघींच्या हातात. रंगकाम असं की देवाच्या डोळ्याकडे बघून आपणच पदर सावरावा. पण मूळ मूर्ती त्या घरात कुणी कधी घडवलीच नाही. कुठं एखादी मूर्ती मनात भरली की ती विकत आणायची, तिच्यावर रबराचा लेप द्यायचा, वाळला की सोलून काढायचा. झाला साचा. सासऱ्यांनी तेच केलं, नवऱ्यानं तेच.

गेल्या वर्षी सगळ्यांना उसाचा गणपती हवा होता. उसाच्या मोळीवर कोपर टेकून निवांत बसलेला, एक पाय खाली सोडलेला. कुणी साताऱ्याहून आणला, त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. राहीबाईंनी रेश्माला एसटीनं पाठवून एक मूर्ती आणवली आणि साचा काढला. मोळीच्या मागं बारीक अक्षरांत कोरलेलं होतं, ‘जयराज, सातारा’. साच्यात तेही उतरलं.

रेश्मा कानस घेऊन बसली होती. मी तेव्हा पाट ठेवायला गेले होते.

“आत्याबाई, समदे घासून टाकत्यात. आपण बी टाकू की.”

“न्हाई. राहू दे.”

“अवं, आपल्या मूर्तीवर त्येचं नाव कशाला?”

“त्येनं केलाय न्हवं? मग त्येचं नाव पुसायचं म्हंजी पाप हाय. साचा काढला ती गोष्ट येगळी.”

रेश्मानं माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मला मात्र राहीबाईंचं पटलं होतं. नाव ठेवलं की सगळं नीट झालं, असंच मलाही वाटलं.

चतुर्थी आठवड्यावर आली आणि पोलिसांची गाडी दारात उभी राहिली. साताऱ्याच्या जयराजनं तक्रार दिली होती. फौजदार सभ्य माणूस. चप्पल बाहेर काढून आत आले आणि एक मूर्ती फिरवून मागचं नाव वाचलं.

“बाई, हे नाव कुणाचं?”

“ज्येनं केला त्येचं.”

“मग तुम्ही काय केलं?”

“मी रंगवला.”

हवालदाराला हसू आवरेना. फौजदार हसले नाहीत. म्हणाले, “कॉपीराइटचा गुन्हा आहे. मूर्ती आणि साचा ताब्यात घ्यावे लागतील.” वॉरंट कुठाय, असं आमच्या ह्यांनी दारातूनच विचारलं, तर म्हणाले, या कायद्यात ते लागत नाही. राहीबाईंना त्यांनी अटक केली नाही. नोटीस दिली, बोलावलं की यायचं. मूर्ती गाडीत चढल्या त्या पाटांसकट. गल्लीतल्या निम्म्या बायकांची नावं खडूनं लिहिलेली तशीच मुद्देमालात गेली.

संध्याकाळी कपिल कांबळे वकिलांकडे राहीबाईंबरोबर मीच गेले. त्यांनी आडवळण न घेता सांगितलं, “धंद्यासाठी केलंय, त्यामुळे शाबीत झालं तर कमीत कमी सहा महिने कैद. जास्तीत जास्त तीन वर्षं. वर दंड, पन्नास हजार ते दोन लाख.”

राहीबाईंनी दंडाचं ऐकलंच नाही. “सा म्हयनं? कळंब्याच्या जेलात?”

“अजून काही झालेलं नाही, मावशी.”

“पर हुईल की.”

त्या दिवसापासून त्या बसायच्या थांबल्या. जेवतानाही उभ्या. गल्लीत मोटारसायकल वाजली की हात धुवायच्या, पुसायच्या, परत धुवायच्या. पहाटे मी फुलं तोडायला निघाले की राहीबाई आपल्या ओट्यावर उभ्या. “वयनी, जेलात गणपती बसवू देत्यात का?” माझा जप मोजता मोजता चुकायचा. अथर्वशीर्ष म्हणताना कळंब्याची भिंत डोळ्यांपुढे यायची.

ठाण्यात वेगळाच गोंधळ. मूर्तींचे डोळे रंगवून झालेले, त्यामुळे त्यांना खोलीत कोंडायला कुणी धजेना. एका महिला पोलिसानं सगळ्यांवर स्वच्छ धोतर पांघरलं, सकाळी उदबत्ती लावू लागली. आमच्या बायका पाट मागायला गेल्या. “आवं, गणपती ऱ्हाऊ दे, आमचा पाट तरी द्या! माज्या सासूचा शिसवी हाय.” फौजदारांनी कपाळाला हात लावला. चतुर्थीला आम्ही सुपारीचा गणपती बसवला. आरतीला राहीबाई आल्या, पण टाळी वाजवेनात.

पुढे जयराजला मूर्ती ओळखायला ठाण्यात बोलावलं, तेव्हा राहीबाईंनाही बोलावणं होतं; सोबत मी गेले. जयराज निवृत्त सुभेदाराचा मुलगा, तिशीतला, ताठ. एकेक मूर्ती फिरवून मागचं नाव बघत गेला. शेवटी राहीबाईंपुढे येऊन उभा राहिला.

“दुसऱ्यांनी नाव घासून विकले. ते सापडले नाहीत. तुम्ही का नाही घासलं?”

“तुमी केलाय म्हनून.”

“मी केलाय हे ठाऊक होतं, मग विचारलं का नाही?”

राहीबाईंनी मूर्तीवरून सरकलेलं धोतर नीट केलं.

“आजोळच्या उसाच्या फडात बसून केला मी तो. पेरं न पेरं हातानं. घरचे म्हणायचे, मिलिटरीत जा, माती काय कालवतोस. या साली सांगलीतनं मला एक ऑर्डर आली नाही.” त्याचा आवाज चढला होता. मग त्यानं धोतराखालच्या मूर्तींकडे बघितलं, उदबत्तीकडे बघितलं. फौजदारांकडे वळून म्हणाला, “साहेब, तक्रार मागं घेतो.”

“आता नाही घेता येत. गुन्हा दाखल झालाय. आता तुम्ही विरुद्ध ह्या नाही, सरकार विरुद्ध ह्या.”

मला वाटत होतं, माफ केलं की मिटलं. तर नाही. वकील म्हणाले, केस रद्द करायची ती हायकोर्टानंच. हायकोर्टाचं खंडपीठ आता कोल्हापूरला आलंय, म्हणून मुंबई तरी टळली. दिवाळी गेली, थंडी आली. राहीबाईंनी लिहून दिलं, कुणाच्याही मूर्तीवरून साचा काढणार नाही. जयराजनं लिहून दिलं, माझी तक्रार उरली नाही. आणि परवा हुकूम झाला. केस रद्द.

कोल्हापुरात कोर्टाच्या आवारातच वकिलांनी पेढा पुढे केला. राहीबाईंनी तो हातातच धरला.

“म्हंजी मी काय केलं न्हाई, असं म्हनले का जजसाहेब?”

“केलंत की नाही, ते त्यांनी बघितलंच नाही. तुम्हाला जेल नाही, एवढं खरं.”

“मग केल्यालं तसंच ऱ्हायलं की.”

जयराज फाटकाशी मोटारसायकल काढत होता. राहीबाई जवळजवळ पळतच गेल्या. “बाळा, त्या उसाच्या गणपतीचा साचा मला इकत दे. रीतसर. तू म्हनशील तसं.”

“नाही, मावशी. तो माझा आहे.” रागानं नाही म्हणाला. हेल्मेट घातलं, वाकून त्यांच्या पाया पडला आणि गेला.

परतीच्या एसटीत राहीबाई खिडकीशी बसल्या. हातकणंगले मागं पडलं. बाहेर ऊसतोड चालू होती, मोळ्यांनी भरलेले ट्रॅक्टर आडवे येत होते. त्यांची बोटं मांडीवर काहीतरी चाचपत होती, दाबत होती, पुसून टाकत होती.

“वयनी, फुडच्या खेपंला तुमाला गणपती कसला पायजे?”

“तुम्ही कराल तसला.”

त्यांनी बोटं आवळून घेतली. “मी करीन तसला म्हंजी कसला? आजवर कवा केलाच न्हाई वो.”