दर रविवारी, गाडी सुरू करण्याआधी

झाशीला उतरलो तेव्हा रेल्वेला तीन तास उशीर झाला होता आणि माझं डोकं फलाटाहून जास्त तापलं होतं. पुण्याहून इतक्या लांब मी काही किल्ला बघायला आलो नव्हतो. सदादादाची मोटार बिघडली होती. सदादादा माझा थोरला चुलतभाऊ, रेल्वेतून निवृत्त, सारा जन्म इथेच गेलेला. यार्डातल्या अपघातात त्याचा डावा गुडघा आखडला आणि क्लच दाबणं कायमचं सुटलं. म्हणून सहा वर्षांपूर्वी मीच त्याला ही जुनी ऑटोमॅटिक गाडी शोधून दिली. दर रविवारी तो ती स्वतः चालवत मऊरानीपूरला लेकीकडे जातो. बसची पायरी त्याला चढवत नाही आणि दुसऱ्याच्या गाडीतून लेकीच्या दारात उतरणं त्याला नको असतं. वहिनी गेल्यापासून आठवड्यात त्याला तेवढीच एक ओढ.

तो मला घ्यायला तीच गाडी घेऊन आला होता. गिअर टाकला की ती क्षणभर तशीच उभी राही आणि मग धक्का देऊन निघे. प्रेमनगरला त्याच्या घरी पोचल्या पोचल्या मी बॉनेट उघडायला धावलो.

"बाळ्या, पहले खाना! इंजिन कुठे पळून नाही चाललं."

ताटात गक्कड (गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याचं भरीत. भरीत असं झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं, आणि दादा खो खो हसला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दादाने गिअरबॉक्सचं तेल मोजायची काडी बाहेर ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवून पाहिली आणि वहीत लिहिलं, 'तेल बरोबर.' सहा वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. "शाबास! शिस्त असावी तर अशी," मी म्हणालो. मग त्याने किल्ली फिरवली.

बेतवा नदीच्या पुलापर्यंत ठीक गेलो. दोन्हीकडे उन्हाने काळवंडलेल्या खडकांच्या टेकड्या. पुढच्या चढावर इंजिन नुसतं ओरडू लागलं आणि गाडी काही ओढेना. आल्याच्या पोत्यांनी लादलेला ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. दादाने रस्त्याच्या कडेला थांबून लेकीला फोन लावला. "बेटा, तुम्ही जेवून घ्या. आम्ही जरा अटकलोय." तिने काय विचारलं कोण जाणे, तो नुसता "नाही नाही" म्हणत राहिला. गाडी थंड झाल्यावर आम्ही रखडत झाशीला परतलो.

सोमवारी रईस मिस्त्रीकडे गेलो. वयस्कर, कमी बोलणारा माणूस. त्याने आधी दोन-तीन किलोमीटर गाडी फिरवून गरम केली, मग इंजिन चालूच ठेवून दांडा एकेका गिअरवर नेला आणि शेवटी काडी ओढली. काडीचं टोक कसंबसं ओलं होतं. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला. तेल लालसर असायला हवं, हे काळं होतं आणि करपल्याचा वास येत होता.

"ये तो जल गया, दादा. तेल कब देखते थे?"

"हर इतवार."

"इंजन बंद करके?"

"हां, चालू करने से पहले."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "गजब कर दओ! इंजन का तेल बंद करके देखते हैं, गिअर का चालू में, गरम करके. बंद में सब तेल नीचे आ जाता है, पूरा दिखता है. गाड़ी सालों कम तेल में चली है. किसने सिखाया ऐसा?"

दादाची वही सीटवर पडली होती. वाऱ्याने पहिलं पान उघडलं होतं आणि त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'बाळ्याने सांगितल्याप्रमाणे. दर रविवारी, गाडी सुरू करण्याआधी, काडी पुसून तेल बघणे.'  गाडी घेतली तेव्हा मीच ऐटीत म्हणालो होतो, पुस्तिका कशाला वाचतोस, मी आहे ना!

दादाने वही मिटून खिशात घातली. "मेरी ही समझ में गलती हुई, भैया."

आणि मी मूग गिळून उभा.

गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं उघडलं तर तळाला काळा गाळ आणि लोखंडाचा चुरा. तेल गाळायची जाळी बदलली, नवं तेल भरलं, गाडी गरम करून पातळी बघितली. तरी तिसरा गिअर घसरतच होता. "गिअर की प्लेटें जल चुकीं, और इसका सामान अब आता नहीं," मिस्त्री म्हणाला. "मोहल्ले में चला लो. मऊरानीपुर भूल जाओ, दादा."

निघताना दादाने त्याच गाडीतून मला स्टेशनवर सोडलं. "दादा, चूक माझी होती," मी एकदाचं म्हणालो.

"माहीत आहे रे. चुकतो माणूस. पण मिस्त्रीसमोर तू गप बसलास, ते लागलं."

परतीच्या वाटेवर डबा खायचीही इच्छा झाली नाही. सल्ला द्यायला माझी जीभ किती सैल सुटते, आणि 'चुकलो' म्हणायला तिला काय होतं, हाच विचार पुण्यापर्यंत.

रविवारी धीर करून फोन केला.

"तेल बघितलं," दादा म्हणाला. "इंजिन गरम करून, चालू ठेवून. एकदम बरोबर आहे."

"मग?"

"मग काय? गाडी बंद केली आणि घरात आलो."