स्वयंपाकघरातलं पितळी बटण

झरी गावातल्या आमच्या घरात स्वयंपाकघरातला लाईट लाटण्याने लावायची पद्धत होती. गॅसच्या शेजारच्या भिंतीमागे न्हाणी आहे. ती भिंत बारा महिने ओल धरते, आणि तिच्यावरचं काळं बटण हात लावला की चावायचं. जीव जाईल असं काही नाही. मुंगी चावल्यासारखंच, फक्त मुंगी खांद्यापर्यंत चढायची. वायरमनला बोलावलं की तो भिंतीकडे बघून म्हणायचा, "काकू, ओल हाय. ओल गेली की करंट जाईल." ओल कधी जाईल हे त्याच्या खात्यात येत नव्हतं.

शेवटी बायकोनेच उपाय काढला. एक जुनं लाटणं बटणाखाली खिळ्याला टांगलं आणि त्याच्या टोकाने ती बटण खाली-वर करू लागली. मी जन्मभर शाळेत मास्तरकी केलेली आणि शासनाची परिपत्रकं वाचलेली. मी म्हणायचो, लाटणं विजेच्या खात्यात प्रतिनियुक्तीवर गेलं आहे. तिला त्यात विनोद दिसत नसे.

"तुमी हसा. हात माझा बधिर व्हायलाय," ती म्हणायची. स्वतःच्या स्वयंपाकघरातला लाईट स्वतःच्या बोटाने लावता यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

एका उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला. तो तिथे मोठ्या हुद्द्यावर आहे आणि ज्या वस्तूंपासून तरुणपणी पळून गेला त्या आवडू लागण्याच्या वयाला पोचला आहे. भिंतीवरून हात फिरवत तो म्हणाला, "दादा, या घराला कॅरेक्टर आहे." इतकी वर्षं त्याला या घरात फक्त डास दिसायचे.

कॅरेक्टर शोभून दिसावं म्हणून घरातली सगळी बटणं बदलायची त्याने ठरवलं होतं. ब्रिटिशकालीन धाटणीची पितळी बटणं आणि त्यांच्याखाली पितळी प्लेटी. मी त्याला आठवण करून दिली की हे घर वडिलांनी मास्तरकीच्या पगारातून बांधलं, तेव्हा ब्रिटिश जाऊन बराच काळ लोटला होता. त्याआधी इथे निजामाचं राज्य होतं. आणि ब्रिटिश जेव्हा शेजारच्या मुलखात होते तेव्हा आमचे आजोबा गावकुसाबाहेर राहत होते आणि त्यांच्या झोपडीतला कंदीलसुद्धा उसना होता.

"दादा, पिरियड म्हणजे काळ नव्हे," भाऊ शांतपणे म्हणाला. "पिरियड म्हणजे फील."



नमुने त्याने सोबतच आणले होते, मखमली पिशव्यांत, दागिने आणावेत तसे. बाजेवर चादर अंथरून ते मांडले. पहिलं बटण पांढऱ्या चिनी मातीचं, पिळून लावायचं. दुसरं काळं, लाकडी पाटीवरचं, म्हणजे हुबेहूब आमच्या भिंतीवर होतं तेच. मी तसं म्हणालो तर त्याला राग आला. तिसरं पितळी. त्याची घुंडी गोल आणि प्लेट काळपट. तो काळपटपणा म्हणजे अँटिक फिनिश. अशी नवी वस्तू कारखान्यातच म्हातारी करून पाठवतात. आमच्याकडे हे काम हवा फुकट करते.

तेवढ्यात बायको लाटणं घेऊन आली, खाली बसली आणि एकेक बटण लाटण्याच्या टोकाने दाबून बघू लागली.

"वहिनी, हे काय करताय?"

"बघायलेय."

"हाताने बघा ना!"

"हाताने तुमी बघा, भावजी. तुमी परवा पुण्याला जायलाव. इथं मला ऱ्हायचंय."

तिसऱ्यापाशी ती थांबली. "ह्याची घुंडी बरी हाय. लाटणं घसरत न्हाई." आमच्या घराच्या वारशाचा निर्णय असा झाला. भाऊ अजून मित्रांना सांगतो की निवड वहिनींच्या नजरेची.

"पन पितळ हाय," ती म्हणाली. "ते चावतंय का न्हाई ते आधी सांगा."

"छे! इंटरनॅशनल क्वालिटी आहे, वहिनी."

"भिंत तर झरीचीच हाय ना?"

वायरमनने बटणं बसवली. अर्थिंगचं विचारलं तर म्हणाला, "जुन्या वायरिंगला अर्थिंग नसतंय, सर. काय होत न्हाई." काय होत न्हाई, ही त्याची गॅरंटी. भावाने प्रत्येक प्लेटीचा फोटो काढला आणि तो पुण्याला गेला.

आणि खरंच काही झालं नाही. बायकोने आधी लाटणं लावलं, मग बोटाची मागची बाजू, मग बोट. बटण चावलं नाही. पुढचे काही दिवस ती भर दुपारीही स्वयंपाकघरात लाईट लावून बसायची. लाटणं मात्र खिळ्यावरून काढलं नाही.

मग बुद्ध पौर्णिमा आली. विहारातल्या बाया आमच्याकडे खीर खायला यायच्या होत्या, म्हणून घरातलं सगळं पितळ चिंचेने घासायला निघालं. तांब्या झाला, घंगाळ झालं, मग तिची नजर भिंतीकडे गेली. मेन बंद करून तिने प्लेटी घासल्या. कारखान्याने मेहनतीने चढवलेलं शतकभराचं वय तिने मूठभर चिंचेत उतरवलं. प्लेटी सोन्यासारख्या झाल्या.

"लय घाण होत्या," ती मला म्हणाली. "भावजीला फसवलं कुनीतरी. जुना माल दिला."

काळपटपणासोबत त्याच्यावरचा लाखेसारखा लेपही निघून गेला होता. तो लेपच आजवर तिच्या बोटाच्या आणि ओलीच्या मध्ये उभा होता, हे मागून कळलं. बाया आल्या, मेन चालू झाला, खीर ढवळता ढवळता तिने बटणाकडे हात नेला आणि ओरडली.

"आवो, आता तर अख्खं पितळ चावायलंय!"

"काय गं," एक बाई म्हणाली, "आमाला खीर खायला बोलावलं का करंट?"

लाईट लाटण्याने लागला. खीर झाल्यावर भावाला फोन गेला.

"वहिनी, तुम्ही पॅटिना घासला?"

"काय घासलं?"

"त्याच्यावरचं ते काळं, जुनं..."

"ते घासायचंच असतंय, भावजी. आता ऐका. एक तर ह्याचं चावणं थांबवा, न्हाईतर मी उद्या काळी बटणं परत लावते. ती निदान बटणापाशीच चावायची, भोवतालून न्हाई."

फोटो तोवर पुण्यात सगळ्यांनी बघितले होते. भावाने दुसऱ्याच दिवशी वायरमनला फोन करून अर्थिंगचं सांगितलं.

अंगणात खड्डा खोदला गेला. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा. एखाद्याला मानाने पुरावं तसं सगळं झालं. वायरमनने बजावलं, "काकू, उन्हाळ्यात ह्याला रोज बादलीभर पानी टाका. कोरडं पडलं की अर्थिंग मरतंय."

"नळाला पानी कवा येतंय ते ठाव हाय का तुला?" बायको म्हणाली. पण भांडी विसळलेलं पाणी त्या दिवसापासून खड्ड्यात जाऊ लागलं.

अर्थिंगच्या परीक्षेच्या दिवशी भाऊ मुद्दाम आला. स्वयंपाकघरात आम्ही चौघं होतो. वायरमन रबरी चपला घालून आला होता.

"आधी भावजी," बायको म्हणाली.

"मी व्हिडिओ काढतोय ना, वहिनी."

"काकू, मी टेस्टर लावून बघितलंय."

"टेस्टरला जीव न्हाई."

तिने पदराला हात पुसला, बोट प्लेटीवर ठेवलं आणि अंगठ्याने घुंडी खाली ओढली. बटण चावलं नाही. लाईटही लागला नाही. गावचीच लाईट गेली होती.

"म्हणजे झालं ना?" भाऊ म्हणाला.

"काय झालं? करंटच न्हाई तर चावंल कुठून?" तिने बोट काढलं नाही. "असंच ठेवते. येऊ द्या."

मी स्टूल आणून दिलं. ती अंगठा द्यायला बसल्यासारखी प्लेटीवर बोट ठेवून बसली. वायरमन चहाला गेला. भावाचा हात दुखला, मग फोनही बंद पडला. "तुमी तवर लसूण सोला," ती मला म्हणाली. मी सोलू लागलो, पण माझं लक्ष तिच्या बोटाकडे होतं. तिचंही तिकडेच होतं.

मग समोरची पिठाची गिरणी गुरगुरली आणि डोक्यावरचा लाईट लागला. बोट जिथल्या तिथे होतं.

"काय गं?" मी विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. तिने लाईट बंद केला, लावला, पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. मग खिळ्यावरचं लाटणं काढलं, धुतलं आणि पोळपाट पुढे ओढला. प्रतिनियुक्ती संपून लाटणं मूळ खात्यात रुजू झालं.

"वहिनी, ते तिथेच राहू द्या," भाऊ रिकाम्या खिळ्याकडे बघून म्हणाला. "फोटोत काय सुंदर दिसतं!"

"भावजी, पोळ्या खायच्यात का फोटो?"

त्याने पोळ्या खाल्ल्या. बटणं दाबून दाबून लाटण्याचं एक टोक झिजलेलं आहे, त्यामुळे आमच्याकडे पोळी एका बाजूला किंचित जाड होते. त्या जाडपणाला अजून त्याने काही नाव शोधलेलं नाही.