रुमालगुरुजींचा राग

माणसाला राग येतो आणि जातो. गुरुजींचा राग कुठं जायचा नाही. तो त्यांच्याकडं राहायलाच होता. टांगा रावसाहेबाच्या बंगल्यापाशी आला की ते मला म्हणायचे, "संभा, थांब." खाली उतरायचे. फाटकासमोर उभं राहून पायातल्या वहाणा काढायचे, एकमेकीवर आपटून धूळ झटकायचे, पुन्हा पायात घालून टांग्यात येऊन बसायचे. "चल." शिवी नाही, आवाज नाही. पावसाळ्यात धुळीच्या जागी चिखल असायचा, तरी चुकवायचे नाहीत. पुढं पुढं माझ्या घोडीलाच सवय लागली. लगाम न ओढता ती फाटकापाशी उभी राहायची, आणि आतला गुरखा कपाळाला हात लावायचा.

मी सोलापुरात टांगा हाकला, सगळी उमर. शाळा म्हणाल तर दुसरी. तिसरीत मास्तरनं हात टाकला, मीही टाकला, शाळा संपली. चार ओळी लिहायला येतात त्या गुरुजींनी मागच्या सीटवर बसून, रस्त्यानं जाता जाता दुकानांच्या पाट्या वाचायला लावून शिकवल्या. म्हणून हे लिहितो. चुका असतील. निवडत बसू नका.

त्यांना सगळं गाव रुमालगुरुजी म्हणायचं. जुने कागद ज्या चौकोनी फडक्यात बांधून ठेवतात, त्याला रुमाल म्हणतात. गुरुजींच्या काखेत सदा एक रुमाल असायचा. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देवघरात, कुणाच्या कणगीमागं कागद पडलेत असं कानावर आलं की माझा टांगा निघाला. मोहोळकडं, वैरागकडं, नाहीतर अक्कलकोटच्या वाटेला. कागद मिळाला की आधी हुंगायचे. मी एकदा विचारलं, "गुरुजी, वासावरनं काय कळतं?" म्हणाले, "घरात उंदीर किती आहेत ते कळतं. अक्षर नंतर बघायचं. आधी शत्रू बघायचा."

शाळेत ते इतिहास शिकवायचे, पण त्यांचा खरा इतिहास एकच. माझ्या जन्माआधीच्या मोठ्या दुष्काळात आमच्या भागात सरकारनं तलावाचं काम काढलं होतं. खेड्यापाड्यातली माणसं खडी फोडायला, माती टाकायला आली. त्यांच्या पोटासाठी जी ज्वारी यायची, तिचं कोठार बंगलेवाल्यांच्या थोरल्यांकडं होतं. थोरल्यांनी चांगली ज्वारी वळवली आणि कामावरच्या माणसांना किडकी, राख कालवलेली दिली. ती खाऊन माणसं हगवणीनं मेली आणि त्याच बांधाच्या कडेला पुरली. पुढं त्याच बांधावर दगड बसला, त्यावर थोरल्यांचं नाव आणि खाली 'अन्नदाते'. गुरुजी तो दगड दाखवून म्हणायचे, "दगडाला लाज नसते, संभा. म्हणून खोटं नेहमी दगडावर कोरतात."

मेलेल्यांची नावं कुठं लिहिलेली नव्हती. गुरुजींना ती हवी होती, एकूण एक. इथं आमची ठकू आली. ठकू म्हणजे माझी बायको. धनगराची लेक, मोहोळच्या पलीकडची. तिची आजी तान्ह्या लेकीला घेऊन त्याच कामावर गेली आणि तिथंच मेली. त्या लेकीला, म्हणजे ठकूच्या आईला, कुणा भावकीतल्या बाईनं पाठीवर बांधून परत आणलं, म्हणून आई जगली आणि म्हणून ठकू. ठकूनं हे एकदा गुरुजींना ताट वाढता वाढता सांगितलं. गुरुजींचा घास हातातच राहिला.

"ठकूबाई, आजीचं नाव काय?"

"भिवरा. भिवराबाई म्हणायचे म्हणं. का वो गुरुजी?"

"लिहून ठेवतो."

"माज्या आजीचं? लिवून?" ठकू खालीच बसली. "तिचं कुणी न्हाय लिवलं आजवर. जमिनीच्या कागदात बी बापयांचीच हायती."

तेव्हापासून ठकूही टांग्यात. कारण त्या दुष्काळातून वाचलेल्या म्हाताऱ्या गुरुजींशी बोलायच्या नाहीत, ठकूशी बोलायच्या. पण एक घोडं अडायचं. म्हातारीचा नवरा कामावर मेलेला, आणि बाई नवऱ्याचं नाव घेणार नाही. जिवंत असताना घेतलं नाही, मेल्यावर कशी घेईल? गुरुजींनी हात जोडले, देवाची शपथ घातली. म्हातारी पदर तोंडात घालून गप्प. मग ठकूनं युक्ती काढली. "आक्का, नाव नको घेऊ. गावात त्या नावाचा दुसरा कोण हाय, त्याच्या दारात आमाला नेऊन उभं कर." म्हातारी उठली, काठी टेकत टेकत गल्लीतून गेली आणि एका दारासमोर उभी राहून बोट केलं. गुरुजींनी दारातल्या माणसाला नाव विचारलं आणि लिहून घेतलं. पुढं गावोगाव हीच रीत झाली. पुढं म्हातारी, मागं ठकू, तिच्या मागं बोरू घेऊन गुरुजी.

एका गावात त्यातून भांडण झालं. म्हातारीनं ज्याच्याकडं बोट केलं तो बकरी धूत होता. नाव सांगितलं, गुरुजींनी लिहिलं, मग त्यानं विचारलं, "कशाची यादी म्हणायची ही?"

"दुष्काळात मेलेल्यांची."

माणसानं बकरी सोडली. "आँ? मी जिता हाय की! मला मेलेल्यात घालता? खोडा! आदी खोडा!"

"तुम्ही नाही हो, तुमच्या नावाचे दुसरे."

"नाव माजंच हाय न्हवं? उद्या पाटील म्हणंल हा मेला, जमीन लाव भावकीला!"

ठकू हसून हसून गल्लीतच बसली. म्हातारीही हसली. गुरुजींनी शेवटी त्याच्यासमोर नावाखाली लिहिलं, "याच नावाचा दुसरा गृहस्थ गावात आहे, तो जिवंत आहे व रागीट आहे." त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हां. आता बरूबर." आणि आम्हाला ताक पाजलं.

खंडेनवमीला मी टांगा धुवून चाबकाला हळदकुंकू लावायचो. गुरुजी त्या दिवशी आमच्याकडं यायचे आणि चाबकाशेजारी त्या यादीचा रुमाल ठेवायचे. ठकू म्हणायची, "गुरुजी, आज हत्यारं पुजायची असत्यात." ते म्हणायचे, "म्हणूनच आणलंय."

मग बंगल्यातून बोलावणं आलं. थोरले कधीच वारले होते. त्यांच्या मुलाला, रावसाहेबाला, घराण्याचा इतिहास छापून वरच्या साहेबांना द्यायचा होता. मी वऱ्हांड्याच्या पायरीशी उभा होतो, सगळं ऐकलं. रावसाहेब म्हणाले, "गुरुजी, तुमच्यासारखा जाणकार दुसरा नाही. घराण्याचं चार शब्दांत चांगलं लिहा."

"लिहितो की. वडिलांपासून सुरू करू?"

"अवश्य."

"राखेपासून करू का किड्यांपासून?"

रावसाहेबाचा चहा बशीत सांडला. बशीतला चहा पुन्हा कपात ओतत म्हणाले, "गुरुजी, तुम्ही मास्तर माणूस. शाळेत शिकवा, बाकीच्यात पडू नका."

"शाळेत तेच शिकवतो," गुरुजी म्हणाले आणि निघाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी फाटकाबाहेर वहाणा झटकल्या, त्या घराची धूळही पायाला नको म्हणून. महिना झाला नाही तोवर शाळेनं त्यांना घरी बसवलं. शाळेच्या कमिटीत कोण बसलं होतं ते सांगायला नको.

गुरुजींनी घरातली भांडी विकून पुस्तक छापायला टाकलं. सगळी नावं होती त्यात. पुस्तक बांधून होण्याआधीच छापखानेवाल्याला बंगल्यावरून दम आला. त्यानं छापलेल्या पानांचे सुटे फर्मे आणि गुरुजींची हस्तलिखित प्रत, दोन्ही रद्दीत घातलं. रद्दी गेली वाण्यांकडं. एका सकाळी ठकूनं ओवा आणला, पुडी सोडली आणि ओरडली. तिला वाचता येत नव्हतं, पण गुरुजींनी 'भिवरा' ही अक्षरं तिला चुलीच्या राखेत काढून काढून शिकवली होती. पुडीवर भिवरा होती. तेलकट डागाच्या शेजारी.

त्यानंतर गुरुजी दुकानादुकानातून जिरं, मिरी, शेंगा मागत हिंडले. "ह्या कागदात नको, त्या कागदात बांधा." वाण्यांना वाटलं म्हातारा बिघडला. घरात जिऱ्याचे ढीग झाले. ते पुड्या उलगडून मांडीवर सपाट करायचे आणि मला म्हणायचे, "संभा, तिसरं प्रकरण मिरचीत निघालं बघ. तिखट होतंच ते." हे ते हसून म्हणायचे, पण डोळे हसत नव्हते. निम्मंही हाती लागलं नाही. मग मूळ टिपणं काढून त्यांनी सगळं पुन्हा लिहिलं. या वेळी मोडीत, कारण मोडी भरभर लिहून होते आणि त्यांना खोकला लागला होता. प्रत्येक नाव लिहिलं की ठकूला वाचून दाखवायचे. ठकू हुंकार द्यायची. काम संपलं आणि माणूसही संपला. शेवटी रुमाल आमच्या हवाली करून म्हणाले, "जपा. बंगल्याच्या हाताला लागू देऊ नका."

आम्ही जपले. ठकूनं जपले म्हणा. दरसाल ऊन दाखवायची, वेखंडाचे तुकडे घालायची, कडुलिंबाचा पाला बदलायची. आम्हाला पोर नव्हतं. ती रुमालांना पोरासारखी रागवायची, "काय रे, ओलं केलंस?" घोडी गेली, टांगे गेले, रिक्षा आल्या, रुमाल राहिले. मी कुणाकुणाला विचारलं, ठेवून घ्या म्हणून. कोण म्हणालं जागा नाही, कोण म्हणालं मोडी आता वाचतंय कोण. दोन वर्षांमागं भिंतीतून वाळवी आली आणि खालचा एक रुमाल पोखरला. त्याच साली ठकू अंथरुणाला खिळली. स्वतःच्या दुखण्याचं बोलायची नाही. माझा हात धरून एवढंच म्हणायची, "माज्या आजीला वाळवी लागू देऊ नगा." यंदा संक्रांतीच्या आधी ती गेली. मी एकटा, घराला वाळवी, आणि तो राग माझ्याकडं राहायला आलेला.

तेरावं झालं आणि बंगल्याचा नातू दारात. रावसाहेबाचा मुलगा, आता स्वतः पिकलेला. हात जोडून म्हणाला, "बाबा, आजोबांच्या नावानं वस्तुसंग्रहालय काढतोय. रुमालगुरुजींचं दप्तर तुमच्याकडं आहे असं कळलं. काचेच्या कपाटात ठेवू. औषधं मारू, माणूस नेमू." मला आधी काठीच उचलावीशी वाटली. आजोबांच्या नावानं! आतल्या खोलीत वाळवी खात होती आणि बाहेर हा उभा. मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. मी त्याला बसायला सांगितलं.

"मोडी येती का तुमाला?"

"नाही हो बाबा. आमच्यात आता कुणालाच नाही. काय आहे त्यात?"

"गावाचा इतिहास. तुमच्या आजोबांचं नाव पानोपानी हाय."

त्याचं तोंड फुललं. "मग तर फारच छान!"

मी म्हणालो, माझी अट आहे. वकिलाकडून पक्का कागद करा. एकही पान काढायचं नाही, फाडायचं नाही, दुसरीकडं द्यायचं नाही, आणि जो मागेल त्याला वाचायला द्यायचं. त्यानं वाचलं न वाचलं आणि सही ठोकली. वर म्हणाला, "बाबा, तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं राहिली नाहीत." मी म्हणालो, व्हय.

गुरुजी, तुम्ही नको म्हणाला होता. मी तुमचा शब्द मोडला. शिव्या घाला, मी वर आलो की समोर उभं राहून ऐकीन. पण तुम्ही नुसत्या वहाणा झटकल्यात. मी त्यांच्याच औषधानं, त्यांच्याच कपाटात, त्यांच्याच पगारी माणसाकडून तुमची यादी राखून घेतली. वाळवीपासून आणि त्यांच्यापासून.

मी आता रोज तिथं जाऊन बसतो. मला खुर्ची देतात, चहा देतात. समोर थोरल्यांचं तैलचित्र आहे, मिशा पिळलेलं. गेल्या आठवड्यात पुण्याहून एक प्राध्यापिका आल्या. मोडी जाणणाऱ्या. शिपायानं पहिला रुमाल सोडून दिला. त्या चष्मा लावून वाचत गेल्या आणि थांबल्या. वर चित्राकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं बघितलं. हळू आवाजात मला म्हणाल्या, "आजोबा, हे... यांना माहीत आहे का?"

नातू दारातच उभा होता, दोन पाहुण्यांना दालन दाखवत.

मी म्हणालो, "न्हाय. जरा मोठ्यानं वाचा, बाई. पैलं नाव भिवराबाईचं हाय."