पेन्सिलीची रेघ

हे गेल्यापासून दवाखान्याची खोली मी उघडली नव्हती. परवा उघडली. यांच्या जाडजूड पुस्तकांतलं एक हाती घेतलं आणि नवजात बाळाच्या डोळ्यांविषयीचं पान शोधलं. समासात पेन्सिलीची रेघ अजून आहे. ती यांनी ओढलेली नाही. माझी आहे.

एकाहत्तर साल असावं. कोल्हारला पुढे दवाखाना आणि मागे आमचं बिऱ्हाड होतं. दुपारी यांची पुस्तकं वाचायची मला खोड होती; मॅट्रिकनंतर शिकायचं राहून गेलं होतं. परमा, म्हणजे बाहेरख्यालीपणातून लागणारा गुप्तरोग, झालेला माणूस दवाखान्यात सगळ्यांत शेवटी येई आणि लघवीला जळजळ होते, एवढंच सांगे. हे पेनिसिलिन टोचत, कागदावर 'उष्णता' लिहीत आणि बायकोलाही घेऊन ये म्हणत. बायको येत नसे.

उसाचा ट्रक चालवणारा एक जण असाच बरा होऊन गेला. त्याची बायको आमच्या परसदारी दूध घालायची. तिला सातवा महिना होता. घरात कळू देऊ नका म्हणून नवऱ्याने यांचे पाय धरले होते. हे मला म्हणाले, "मी शब्द दिलाय. तूच तिला कसंही करून इंजेक्शनला आण."

मी हो म्हटलं. आईला हा रोग असेल तर जन्मताना तो बाळाच्या डोळ्यांत उतरतो, हे मी आदल्याच आठवड्यात वाचलं होतं. रेघ तेव्हाच ओढली होती.

दुसऱ्या दिवशी ती दूध मापत असताना मी म्हटलं, बाळाला शक्ती येण्याचं एक इंजेक्शन आहे, घेऊन जा.

ती हसली. "मला कशाला वं, डॉक्टरीणबाई? दोन म्हशींचं करते, शक्ती लई हाय. आमच्या मालकालाच टोचा, त्योच वाळलाय."

मीही हसले. खरं सांगायची तीच वेळ होती, आणि मी दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. नवऱ्याला दिलेला शब्द यांचा होता, माझा नव्हता. मला भीती वेगळीच होती. तसला रोग मला ठाऊक आहे हे कळल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, याची. यांना सांगितलं, ती नको म्हणते. यांनी पुन्हा विषय काढला नाही.

बाळंतपण घरीच झालं, सुईणीच्या हातून. आठव्या दिवशी ती पहिल्यांदा पुढच्या दाराने आली. बाळाच्या पापण्या पुवाने चिकटल्या होत्या. यांनी तिला तसंच मोटारीत घालून नगरला नेलं. एक डोळा गेला. दुसऱ्याला नुसता उजेड कळतो.

"सटवीनं तसंच लिवलं आसंल," ती म्हणाली. यांनी थेंब कधी घालायचे ते तिला सांगितलं. मी बाळाचं दुपटं सारखं केलं.

यांच्या दहाव्याला ती आली होती. खांद्यावर मुलाचा हात. त्याचेही केस आता पिकलेत. माझ्याजवळ बसून म्हणाली, "डॉक्टरांनी लई धावपळ केली हुती याच्यापायी. आमी इसरलो न्हाई."

नवरा तिचा केव्हाच वारला. शब्द देणारेही गेले. आता आडवं यायला कोणी नव्हतं. तिने माझा हात हातात घेतला होता आणि मुलगा माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बसला होता.

चहा टाकते, म्हणून मी हात सोडवून घेतला.