गंगाबाईंच्या रेकॉर्डमधली एक ओळ

आज नातीने मोबाईलवर जुनी रेकॉर्ड लावली. "आजी, राऊच्या गंगाबाई!" ढोलकीची थाप पडली आणि मी मोबाईल कानाजवळ ओढला.

गंगाबाई आमच्या राऊ गावच्या, मालवी बोलीत स्वतः गाणी रचायच्या. ही रेकॉर्ड आमच्याच अंगणात, बायकांत बसून गाताना झाली होती. त्यांनी ओळ म्हणायची आणि मागे बसलेल्या बायकांनी ती झेलायची, अशी रीत. मी नवी सून. सासूबाईंनी बजावलं होतं, "तू नुसत्या टाळ्या वाजव. सुनेचा आवाज बाजारात जायला नको, समझी?"

रेकॉर्डिंगचं मशीन फिरत होतं. मध्येच गंगाबाईंना ठसका लागला, ओळ अर्धी राहिली. बायका मशीनकडे बघत गप्प. गंगाबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. गाणं मला पाठ आहे हे त्यांना ठाऊक होतं. सासूबाई शेजारीच बसलेल्या. तरी पदराआडून मी ओळ उचलली.

गाणं संपल्यावर गंगाबाई म्हणाल्या, "वा बेन, लाज राखी!" सासूबाई उठून आत गेल्या. आता बोलणी बसतील, मग बसतील, म्हणून कित्येक दिवस मी त्यांची नजर चुकवत राहिले.

घरी रेकॉर्ड वाजवायला यंत्र नव्हतं. ती ओळ आज पहिल्यांदा ऐकली. माझा आवाज कापतोय, आणि दोनच शब्दांनंतर त्याच्याखाली दुसरा जाडसर आवाज येतो, मला धरून पुढे नेतो.

"ही कोण गं?" नातीने विचारलं.

"तुझी पणजी, माझ्या सासूबाई," मी म्हटलं. भीतीपायी मला तेव्हा तो ऐकूच आला नव्हता.