जात्यासारखा दात

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाणी भरणं. उन्हाळा होता, नदी आटलेली. वाळूत झिरा उकरलेला होता. ती नरोटीनं वाटी-वाटी पाणी काढून फडक्यातून गाळायची आणि मी हंडा उचलायचा. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. हंडा भरला तसं मान वर न करता म्हणाली, "सांगा की. कुठं टाकला?"

मी म्हणालो, "गप पाणी भर."

माझं तिच्याशी शेवटचं बोलणं ते. मला धड लिहिता येत नाही, चावडीवरच्या मुन्शीनं शिकवली तेवढीच अक्षरं येतात. पण हे दुसऱ्या कुणाला लिहायला सांगायची लाज वाटते, म्हणून मीच लिहितोय.

ती विचारत होती एका दाताबद्दल. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी असाच झिरा उकरताना तिला तो वाळूत सापडला होता. पायलीएवढा, काळा, दगड झालेला. वरच्या अंगाला आडव्या रेघा, नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारख्या. तिनं तो धुऊन देव्हाऱ्यात ठेवला. एकदा शेजारणीचं पोर दात येताना लई रडत होतं. हिनं त्या दातावरून बोट फिरवलं आणि पोराच्या हिरडीला लावलं. दुसऱ्या दिवशी दात वर आला. येणारच होता, असं मला वाटतं. पण गावानं धरलं ते धरलंच. तेव्हापासून दात यायला लागलेलं प्रत्येक पोर आमच्या घरी यायचं.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. निजामाचं राज्य होतं तेव्हा, आणि आमच्याकडं असल्या बाईच्या मांडीवर कुणी पोर देत नसे. बारशाला तिला बोलावत नसत. पण दातासाठी द्यायचे. पोर मांडीवर घेऊन ती लई वेळ बोट फिरवत बसायची. एवढा वेळ लागत नाही, मला ठाऊक होतं. मी काही बोलायचो नाही.

मग घाटनांदूरला बाजाराच्या मैदानात तंबू आला. हलतं चित्र दाखवणारा. गावातल्या तीन गाड्या जुंपून आम्ही गेलो. दिवेलागणीला पांढऱ्या कापडावर चित्र सुरू झालं. त्याला आवाज नव्हता, कापडाशेजारी एक माणूस उभा राहून ओरडून सांगायचा. झाडं दिसली, डोंगर दिसला, आणि डोंगरामागून ते आलं. सरड्यासारखं, पण ताडाएवढं उंच. तोंडात विळ्यासारखे दात. तो माणूस रॉकेलच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून डरकाळी फोडायचा. त्या जनावरानं पळणारा एक माणूस उचलला आणि चावला. बाया किंचाळल्या. मीही पागोट्यात तोंड लपवलं, खोटं कशाला सांगू.

डबेवाला ओरडला, "ही जनावरं खरी होती! हेच ते राक्षस! यांची हाडं नद्यांमधी सापडतात!"

आमच्या गाडीतली एक बाई सगळ्यांदेखत हिला म्हणाली, "अगं बया! तुझ्या देव्हाऱ्यातला दात ह्याचाच की! माणसं खाल्लेला दात आमच्या लेकरांच्या तोंडाला लावलास?"

हिचा चेहरा उतरला. पण बोलली. "डोळे फुटले का गं? त्याचे दात विळ्यावानी हायेत. माझा जात्यावानी. विळ्यानं कापत्यात, जात्यानं दळत्यात. माझं जनावर दळणारं हाय."

सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

त्या दिवसापासून एकही पोर आमच्या दारात आलं नाही. बाया हिला बघून पदरानं लेकरं झाकायला लागल्या. चावडीवर मला म्हणायचे, "काय बे, राक्षसाची पूजा झाली का आज?" माझं डोकं फिरलं. एका सकाळी ती पाण्याला गेलेली बघून मी तो दात देव्हाऱ्यातून उचलला आणि नदीच्या गढूळ डोहात फेकून दिला. ती आली, देव्हारा बघितला, खाली बसली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता त्या पाणी भरल्या दिवसाचं सांगतो. हंडा घरी ठेवून मी नदीच्या वरच्या अंगाला दूध घालायला गेलो. तिथं दगड-माती तपासणाऱ्या एका सरकारी माणसाची राहुटी पडली होती. बाजेवर त्यानं हाडं मांडली होती. त्यात एक दात होता, हुबेहूब आमच्या दातासारखा. मी दुधाची चरवी खाली ठेवली.

"साहेब, हा राक्षसाचा ना? तंबूतल्या?"

तो हसायला लागला. "कैसा राक्षस, काका? हत्ती है. पुराना हत्ती. घास खानेवाला." मग दातावरच्या रेघांवर बोट फिरवत म्हणाला, "देखो, चक्की. तुमच्या घरच्या जात्यासारखा."

मी तंबूतलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, तसली मोठी जनावरं होती खरी, पण माणूस जन्मायच्या कितीतरी आधीच ती संपली. माणूस त्यांनी कधी पाहिला नाही, तर खाणार कुठून? त्यातली कितीतरी नुसता पाला खाऊन जगायची. पडद्यावरचं जनावर म्हणजे मातीचा पुतळा, तो जरा जरा हलवून चित्र काढतात.

"और आवाज?" तो म्हणाला. "वो किसने सुना?"

डब्यातला आवाज ऐकून गावानं माझ्या बायकोच्या हातातली लेकरं काढली होती, आणि मी दात.

चरवी तिथंच टाकून पळत घरी आलो. ती जात्याजवळ बसली होती, खुंट्यावर हात, हातावर डोकं. मी उंबऱ्यातूनच सांगायला लागलो. "अगं, तूच खरी! हत्ती हाय तो! दळणारा! अगं, तो साहेबबी जात्यावानीच म्हणला!" सगळं सांगून टाकलं. मग वाटलं, ही वळत का नाही. खांद्याला हात लावला तर ती कलंडली. जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी तशीच होती.

तिनं ऐकलं का नाही, मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. दिवस मावळायच्या आत तिला जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी डोहावर गेलो. पाणी कंबरेएवढंच राहिलं होतं. पायानं गाळ चाचपत फिरलो. पाय कापला. उन्हं वर आली तेव्हा बोटांना रेघा लागल्या. बुडी मारून दात काढला, धुतला आणि ओल्या धोतरानं तसाच गावात शिरलो. सुतकातला माणूस कुणाच्या दारी जात नाही. मी गेलो. त्या गाडीतल्या बाईच्या दारासमोर रस्त्यात उभा राहिलो आणि दात दोन्ही हातांनी वर धरला.

"हत्तीचा हाय," मी ओरडलो. "गवत खायचा. माझी बायको खरं बोलत होती."

ती लेकराला कडेवर घेऊन दारात आली. मी पुढच्या दाराशी गेलो.