डाव्या खांद्याची रायफल

बंदुकीच्या दारूचा वास थंड हवेत फार वेळ रेंगाळतो. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी मेपलची तांबूस पानं मैदानाच्या कडेला साचली होती, दंवाने गवत जड झालं होतं, आणि त्या निर्मळ, निःशब्द सौंदर्यात हा फटाक्यांसारखा उग्र दर्प! एक इवलीशी पितळी पुंगळी उडून माझ्या पायाशी पडली. मी ती उचलली. शेंगदाण्याएवढा तो धातूचा तुकडा तळहातावर कोमट लागला, आणि का कोण जाणे, मी मूठ मिटून घेतली. बंदूक या वस्तूचा जन्मभर तिटकारा करणाऱ्या बाईने तिच्या उच्छिष्टाची ऊब अशी जपून ठेवावी, याला काय म्हणावं? तुम्ही हसाल. मलाही तेव्हा स्वतःचं हसू आलं होतं.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, स्टेट कॉलेजच्या बाहेर, विद्यापीठाच्या बसचा शेवटचा थांबा मागे पडतो आणि मक्याची शेतं सुरू होतात तिथे. मिलिंद, माझा नवरा, भंडाऱ्याकडचा, मी पुण्याची. मुलगी शिकागोला नोकरीला लागली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. पाखरू उडालं की मागे राहिलेल्यांना छंद सुचू लागतात. मी मातीची भांडी घडवायला शिकले. ती सगळी एका अंगाला कलतात, पण कौतुकाने कपाटात बसली आहेत. मिलिंदला शेजारच्या रॉयने नेमबाजीच्या क्लबात ओढून नेलं. रॉय म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, आमच्या दारातला बर्फ न सांगता उपसून जाणारा, अबोल आणि भला म्हातारा. त्याला नाही म्हणणं मिलिंदला जमलं नाही, आणि मिलिंदला एकटं पाठवणं मला जमलं नाही. म्हणून त्या रविवारी मीही कानांवर ते मोठे कर्णरक्षक चढवून बाकावर बसले होते.

मिलिंद रॉयची रायफल घेऊन नेम धरत होता आणि समोरचा कागद कोराच्या कोरा राहत होता. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत केसाइतकं अंतर मोजणारा हा माणूस, त्याला जेवणाच्या ताटलीएवढं वर्तुळ सापडेना! रॉयने बराच वेळ मान तिरकी करून पाहिलं. मग रायफल बाजूला ठेवून त्याने मिलिंदला दोन्ही हात पुढे लांब करायला सांगितले, तळव्यांच्या मधे एक छोटीशी खिडकी करायला लावली, तिच्यातून निशाण बघ म्हणाला, आणि मग, आता एकेक डोळा मीट. उजवा मिटला तरी निशाण जागेवर होतं. डावा मिटताच ते खिडकीतून नाहीसं झालं.

“यू आर अ लेफ्टी, माय फ्रेंड,” रॉय म्हणाला. “नोबडी एव्हर टोल्ड यू?”

मिलिंद हात तसेच पुढे धरून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “दे टोल्ड मी. दे टोल्ड मी नॉट टू बी.”

मी बाकावरून उठले. लग्नाला इतकी वर्षं झाली. याच्या डाव्या पायाच्या करंगळीवरचा तीळ मला ठाऊक, झोपेत तो कुठल्या कुशीवर वळतो ते ठाऊक, आणि हे ठाऊक नाही? रॉयने मात्र फार विचारपूस केली नाही. तो आपल्या गाडीकडे गेला आणि कापडी खोळीतून दुसरी रायफल घेऊन आला. ती लिव्हरची होती. पहिल्या रायफलीचा गोळी चढवायचा दांडा उजव्या अंगाला, त्यामुळे ती उजव्यांनाच सोयीची. हिच्यात चापाच्या खाली एक लोखंडी कडं असतं, ते खाली ढकलायचं नि वर ओढायचं. रिकामी पुंगळी उडून जाते, नवी गोळी चढते. कडं बरोबर मध्यावर, म्हणून तिला डावं-उजवं कळत नाही. “फक्त भिऊन अर्धवट ढकलू नकोस,” रॉयने बजावलं, “पूर्ण खाली, पूर्ण वर. अर्ध्या मनाने केलंस की ती अडकते.” मिलिंदने रायफल डाव्या खांद्याला लावली. पहिली गोळी कागदाच्या काठाला लागली, दुसरी आत, आणि तिसऱ्या गोळीनंतर त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. त्याच्या त्या तोंडाचं मी काय वर्णन करू! सायकल पहिल्यांदा तोल सावरून पळू लागली की पोराचं होतं, तसं झालं होतं.

परतताना गाडीत त्याने सांगितलं. माझे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मुलगा डावा हात पुढे करतो हे लक्षात आलं, तेव्हा त्यांनी आपला धुतलेला पांढरा रुमाल काढला, तो हात कमरेमागे बांधला आणि पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात दिली. मारलं नाही, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की, बाळा, आपण लोकांच्या पंगतीला आत्ता कुठे बसायला लागलो आहोत. तिथे कुणाला आपल्याकडे बोट दाखवायला एवढीशी जागा ठेवायची नाही. ज्यांच्या आजोबांना पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचं, त्यांच्या घरातल्या बापाची ही भीती. ती खोटी होती असं कोणत्या तोंडाने म्हणावं? “बाबांचं चुकलं असं मी नाही म्हणणार,” मिलिंद म्हणाला. “ते मला जपत होते. फक्त तो हात... तो मांडीवर बसून राहिला ना गं.” आणि तो उजव्या हाताने गाडी चालवत राहिला. डावा खरोखरच मांडीवर होता.

मग सुरू झाला आमचा रायफल-पुराणाचा महिना. रॉय थंडीआधी मुलाकडे ॲरिझोनाला कायमचा जाणार होता, आणि त्याची रायफल त्याच्या वडिलांची, ती त्याच्यासोबतच जाणार. तेव्हा रविवार चालू ठेवायचा तर मिलिंदला स्वतःची घ्यायला हवी होती. महागड्या रायफली त्याने पाहिल्यासुद्धा नाहीत. आम्ही मध्यमवर्गीय माणसं, आमचा हात आपोआप खालच्या फळीकडे जातो. स्वस्तातली लिव्हरची रायफल, छोट्या गोळीची. तिच्यावरचे व्हिडिओ त्याने बघितले, माझ्याकडूनही बघवून घेतले. तिचा दस्ता अक्रोडाचा नव्हे, अक्रोडाचा रंग फासलेल्या साध्या लाकडाचा. धातूला झळाळी नाही, नुसता काळा लेप. लिव्हर नव्या कुलपासारखी घट्ट, पण वापरून वापरून सैल होते म्हणे. “सोन्याहून पिवळं काही मिळणार नाही, पण नेम सरळ जातो,” हा त्याचा निष्कर्ष. साडी घेताना मी एवढी चिकित्सा केली असती तर दुकानदाराने मला हाताला धरून बाहेर काढलं असतं.

आणि मी? मला ती घरात नको होती. साफ नको होती. आमच्या दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आहे, शेजारी बाबासाहेबांची तसबीर आहे, दर रविवारी मेणबत्ती लावून आम्ही पंचशील म्हणतो, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. त्याच छपराखाली बंदूक? “मी कागदाला मारतो, जिवाला नाही,” मिलिंद म्हणायचा. ते खरं होतं, पण वस्तूला स्वतःचा एक स्वभाव असतो, आणि या वस्तूचा स्वभाव मला या देशात राहून चांगला कळला होता. इथल्या बातम्या मीही वाचते. मुलीला फोनवर सांगितलं तर ती किंचाळलीच, “डॅड विथ अ गन? सीरियसली, मॉम?” मी म्हटलं, अगं, स्वस्तातली आहे. हे समर्थन किती हास्यास्पद होतं, ते बोलून झाल्यावर कळलं.

पण मनातल्या मनात मला दुसरंच काही छळत होतं. आम्ही दोघंही लाकडाबद्दल बोलत होतो, लिव्हरबद्दल बोलत होतो, घेण्याजोगी आहे की नाही याचा काथ्याकूट करत होतो, पण खरा प्रश्न रायफलीचा नव्हताच. पन्नाशी उलटलेल्या एका माणसाचा एक हात बालपणी गप्प बसवला गेला होता. एवढ्या मोठ्या जगात त्याला मोकळं व्हायला एक जागा सापडली होती, आणि ती जागाही रॉयबरोबर जाऊ पाहत होती. ती गेली तर मिलिंद एका शब्दाने तक्रार करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तो पुन्हा तो हात मांडीवर ठेवील आणि मला विचारील, चहा टाकू का? मला भीती बंदुकीची होती, पण त्या चहाची तिच्याहून जास्त होती.

शेवटी एका शनिवारी आम्ही दुकानात गेलो. पुढे रंगाचे डबे, गळाला लावायचं आमिष, रबरी बूट. मागे काचेआड रायफली. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे हवी ती काढली, रिकामी असल्याचं उघडून दाखवलं आणि मिलिंदच्या हातात दिली. मिलिंदने ती घेतली आणि उजव्या खांद्याला लावली. इतक्या सहज, इतक्या निमूटपणे, की क्षणभर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही! रॉयसमोर डावा असलेला माणूस एका अनोळखी मुलीसमोर चटकन उजवा झाला होता. लिव्हर त्याने अर्धीच ढकलली, ती अडखळली, त्याने ओशाळून रायफल खाली ठेवली. “नको यार. फार टाइट आहे. वर्थ इट नाही,” तो म्हणाला आणि निघायला वळला.

महिनाभर मला जे उत्तर हवं होतं ते अलगद माझ्या पदरात पडलं होतं. मी फक्त गप्प राहायचं होतं. आणि मला गप्प राहवेना!

“मिलिंद,” मी म्हटलं, “दुसऱ्या खांद्यावर बघ.”

त्याने मागे पाहिलं. एक माणूस मासेमारीची दोरी निवडत उभा होता, एक बाई लहान मुलाला बूट घालून बघत होती. मिलिंदने आवाज खाली केला. “इथे? लोक आहेत ना गं.”

लोक! सात समुद्र ओलांडले, नागरिकत्व घेतलं, मुलगी वाढवली, केस पांढरे झाले, आणि तरी पंगतीतले ते लोक अजून उठलेच नव्हते. मला भडभडून आलं. इथे कुणाला कशाचं पडलेलं नाही असं मी त्याला समजावू शकले असते. पण ज्याने ते डोळे लहानपणी झेलले त्याला असं समजावण्यात काय अर्थ? मी नुसतं म्हटलं, “असू देत लोक. मी उभी आहे ना.”

त्याने रायफल उचलली. डाव्या खांद्याला लावली, भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे रोखली, आणि डाव्या हाताने लिव्हर पूर्ण खाली, पूर्ण वर ओढली. खण्णकन आवाज झाला. मासेमारीवाल्याने मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा दोरी निवडू लागला. बस्स, इतकंच घडलं. मिलिंदने आणखी एकदा ओढली. मग हसत हसत आणखी एकदा. लाकूड हलकं होतं, रंग तर जवळून फारच खोटा वाटत होता, आणि मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, “वी विल टेक इट.”

अटी मी घातल्याच. तळघरात भिंतीला ठोकलेली लोखंडी पेटी, गोळ्या वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या माझ्याकडे, आणि रविवारखेरीज तिने उजेड बघायचा नाही. मिलिंदने सगळ्या मान्य केल्या. मुलगी दोन दिवस रुसली, मग म्हणाली, “ओके, बट व्हाय लेफ्ट?” मी म्हटलं, बाबालाच विचार. तो तिच्याशी तासभर बोलत होता.

त्याच शनिवारची संध्याकाळ मात्र तुम्हांला सांगायची राहिली. मी वरण-भात केला होता, भरली वांगी, जवसाची चटणी. मिलिंदचं ताट घेतलं आणि माझा हात सवयीने डावीकडे मीठ वाढायला गेला. तिथेच थबकला. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. माझ्या आईने शिकवलेला, तिच्या आईने तिला शिकवलेला, कुणी कधी न बदललेला तो ताटाचा भूगोल. मी मीठ उजवीकडे वाढलं. लिंबू, चटणी उजवीकडे. भरलं वांगं डावीकडे, जिथे त्याचा हात सहज पोहोचेल तिथे.

मिलिंद येऊन बसला. ताटाकडे पाहून म्हणाला, “अगं, उलटं वाढलंस.”

“नाही,” मी म्हटलं.

त्याचे हात मघाशीच धुऊन झाले होते, तरी तो उठला, पुन्हा बेसिनपाशी गेला आणि डावा हात साबणाने नीट, सावकाश धुऊन आला. पहिल्याच घासाला भात बोटांतून निसटला. वरण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. दुसरा घास हनुवटीला लागला. लोकांच्या पंगतीत एक शीत न सांडता जेवलेला माझा नवरा बाळासारखा माखला होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

“तू बघू नको ना,” तो म्हणाला.

मी बघितलं. इतक्या वर्षांत जे दिसलं नव्हतं, ते अगदी पोटभर बघून घेतलं.